टायर घासतोय? ग्राइंडर सगळ्यात शेवटी

नगर रोडला, कोरेगाव भीमात माझं डेंटिंगचं गॅरेज आहे. एका अंगाला रांजणगावला जीप कंपास तयार होते, दुसऱ्या अंगाला चाकणला महिंद्राचा कारखाना. या पट्ट्यात गाडीची हौस दांडगी. थारला जाडजूड टायर टाकायचे आणि आठवड्याभरात “दादा, वळताना खर्रर्र आवाज येतोय” म्हणत यायचं, हे आता नेहमीचंच.

हिशेब सोपा आहे, पण टायर घेताना तो कुणी करत नाही. २०२० साली आलेल्या थारच्या १६ इंची रिमला कंपनी २४५/७५ टायर देते. २४५ मिमी रुंदी, आणि बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. सगळं धरून चाक ७७४ मिमी उंच. पोरं बसवतात २८५/७५, तो भरतो ८३४. म्हणजे मडगार्डखालची ३० मिमी जागा गेली, शिवाय दोन्ही बाजूंनी वीस-वीस मिमी वाढले. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ने पळत असते, ते वेगळंच. त्यावर स्पेसर टाकून चाक बाहेर काढलं, की वळताना टायरचा कोपरा आणखी मोठा घेर घेतो आणि बंपरच्या कडेला जाऊन भिडतो.

उभ्या गाडीत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मी एका पुढच्या चाकाखाली आणि तिरक्या बाजूच्या मागच्या चाकाखाली फळ्यांची थप्पी लावतो आणि स्टेअरिंग दोन्हीकडे फुल कट मारून बघतो. त्याआधी मडगार्डच्या आत शाडू मातीचे गोळे चिकटवलेले असतात. मग गाडी स्पीडब्रेकरवरून सावकाश फिरवून आणायची. गोळा चेपून जेवढा जाड उरला, तेवढीच खरी जागा. बोटाच्या जाडीपेक्षा कमी उरली तर मी गाडी सोडत नाही. पावसाळ्यात उसाच्या वाटेवरची काळी माती आत थापली जाते, तिलाही जागा लागतेच.

बऱ्याचदा घासतं ते नुसतं आतलं प्लॅस्टिकचं लायनर. क्लिपा काढून, हीट गनने गरम करून ते मागे दाबलं की काम झालं. पत्र्याची आतली कड आड येत असेल तर तीही गरम करून हळूहळू वळवायची; थंड पत्र्यावर हातोडा मारला की रंग तडकतो. “लिफ्ट किट टाकू” हा सल्ला मला अर्धवट वाटतो. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक जुन्याच जागी पोचतं. सोबत स्प्रिंगचं दबणं रोखणारा बंपस्टॉप वाढवला तरच उपयोग.

कापणं अगदी शेवटी, तेही आतलं वायरिंग बघून. कापलेल्या कडेला लगेच प्रायमर आणि वरून रबर बीडिंग हवंच. दुसरीकडून नुसती कापून आणलेली एक गाडी माझ्याकडे आली होती; एका पावसाळ्यात कड गंजून भुगा झाली होती.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा एकेका बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठं चाक हवंच असेल तर कंपनीच थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ देते. त्याची उंची जेमतेम १५ मिमी जास्त.

म्हणून टायरचे पैसे मोजण्याआधी गाडी घेऊन या. माप घ्यायचे मी पैसे घेत नाही.