दियामारे यांचा मठ

आपल्याकडे मठाधिपती म्हटले की गादी आठवते. गुरूने शिष्याला नेमायचे, शिष्याने परंपरा पुढे न्यायची. बेनेडिक्टाइन मठांत असे होत नाही. तिथे अखेरची व्रते घेतलेले संन्यासी गुप्त मतदानाने आपल्यातला एक निवडतात आणि निवडून आलेल्याची आज्ञा त्या दिवसापासून स्वतः पाळू लागतात. त्याच्या बोटात अंगठी, हातात मेंढपाळाची काठी, छातीवर क्रूस असतो. कुणी कोणते काम करायचे, कुणी कुठे जायचे, कुणाला काय मिळायचे हे तो ठरवतो. इतका अधिकार एका माणसाच्या हाती देणारी ही व्यवस्था जवळजवळ दीड हजार वर्षे टिकली आहे. ती कशी टिकली हे समजून घ्यायचे, तर इटलीतल्या मोंते कासिनोचे मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे यांच्याकडे पाहावे.

रोमच्या आग्नेयेला सुमारे १३० किलोमीटरवर, कासिनो गावावरच्या डोंगरमाथ्यावर हा मठ आहे. संत बेनेडिक्ट यांनी तो इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापला आणि त्यांची ७३ प्रकरणांची नियमावली इथेच आकाराला आली, असे परंपरा सांगते. नियमावलीत प्रार्थनेच्या वेळा आहेत, जेवणातल्या पदार्थांची संख्या आहे, अंथरुणाची व्यवस्थाही आहे. मठाधिपतीबद्दल मात्र बेनेडिक्ट पुन्हा पुन्हा लिहितात. दुसरे प्रकरण संपूर्णपणे त्याच्यावर आहे आणि चौसष्टाव्या प्रकरणात ते पुन्हा त्याच विषयाकडे वळतात. त्यांचा धाक एकच आहे. आपल्या हाती सोपवलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब मठाधिपतीला देवापुढे द्यावा लागेल. त्याने कठोर व्हावे, पण गंज खरवडताना भांडेच फुटणार नाही याचे भान ठेवावे. महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांना बोलावून मत विचारावे, अगदी सर्वांत धाकट्यालाही. आणि मग निर्णय एकट्याने घ्यावा. मला या शेवटच्या अटीचे मोल फार वाटते, कारण ऐकून घेण्याची सक्ती आहे, पण निर्णयाची जबाबदारी गर्दीवर ढकलण्याची सोय नाही.

दियामारे मूळचे नेपल्सचे, जन्म १८६५ चा. १९०९ मध्ये ते मोंते कासिनोचे मठाधिपती झाले. तोपर्यंत मठ तीनदा जमीनदोस्त होऊन उभा राहिला होता. सहाव्या शतकात लोंबार्डांनी तो लुटला, ८८३ मध्ये सारासेन टोळ्यांनी जाळला, तेव्हा मठाधिपती बर्थारियुस मारले गेले, आणि १३४९ मध्ये भूकंपाने पाडला. मधल्या काळात, अकराव्या शतकात, देसिदेरियुस नावाच्या मठाधिपतींनी तिथे नवे भव्य चर्च बांधले आणि हस्तलिखितांच्या नकला करणारी दालने गजबजवली. तेच पुढे व्हिक्टर तिसरे म्हणून पोप झाले. संत थॉमस अक्वायनस बालपणी याच मठात शिकले. १८६६ नंतर इटलीच्या नव्या राज्याने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली. मोंते कासिनो राष्ट्रीय स्मारक ठरले आणि संन्यासी आपल्याच घराचे राखणदार म्हणून राहिले. शिवाय आसपासच्या गावांतल्या चर्चचा कारभारही बिशपासारखा इथल्या मठाधिपतीकडेच असे. म्हणजे दियामारे एकाच वेळी संन्याशांचे वडील, ग्रंथांचे रखवालदार आणि डोंगराखालच्या लोकांचे धर्मप्रमुख होते. १९४३ पर्यंत या तिन्ही भूमिका एकमेकींच्या आड आल्या नव्हत्या.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, दुसरे महायुद्ध इटलीत पोहोचलेले असताना, जर्मन सैन्यातले दोन अधिकारी मठात आले, व्हिएन्नाचे लेफ्टनंट कर्नल युलियुस श्लेगेल आणि डॉक्टर असलेले कॅप्टन माक्सिमिलियान बेकर. लढाई इकडे सरकते आहे, ग्रंथ आणि चित्रे हलवा, असे ते सांगत होते. मठात स्वतःचे प्राचीन दस्तऐवज होतेच, शिवाय नेपल्सच्या संग्रहालयांनी सुरक्षित जागा म्हणून पाठवलेल्या पेट्याही होत्या. दियामारे आधी तयार होईनात. मठावर कुणी हल्ला करील हे त्यांना पटत नव्हते आणि जर्मन गणवेशातल्या माणसांच्या हवाली सगळे करणे त्याहून अवघड होते. अखेर त्यांनी होकार दिला. ट्रकांबरोबर संन्यासीही रवाना झाले. मठाचे दस्तऐवज आणि ग्रंथ रोमला सुखरूप पोहोचले. नेपल्सच्या काही पेट्या मात्र नाझी नेता हेर्मान गोरिंगकडे वळवण्यात आल्या. त्यांतले टिशियनचे ‘डॅनाई’ हे चित्र युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियात आल्ताउसेच्या मिठाच्या खाणीत सापडले. म्हणजे दियामारे यांची शंका खोटी नव्हती आणि त्यांचा होकारही चुकला नाही. चार महिन्यांनी ते ग्रंथ डोंगरावर असते, तर आज एक पानही उरले नसते.

बहुतेक संन्याशांना त्यांनी ग्रंथांपाठोपाठ रोमला धाडले आणि स्वतः मागे राहिले. वय ऐंशीच्या घरात. सोबत मोजके संन्यासी आणि आसऱ्याला आलेले शेकडो गावकरी. प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्तासारखे करावे, असे नियमावली सांगते. शांततेच्या काळात ते सोपे असते. त्या हिवाळ्यात पाणी आणि अन्न अपुरे पडत होते आणि दाटीत साथ पसरली होती. आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे फादर एउसेबियो ग्रोसेत्ती याच साथीत १३ फेब्रुवारी १९४४ रोजी गेले. ते मठातल्या दिवसांची रोजनिशी लिहीत असत. दियामारे यांचे सचिव मार्तिनो मात्रोनोला यांनी ती पुढे चालू ठेवली. आज आपल्याला मठाच्या आतले जे काही ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे या दोघांमुळे.

बाहेर दोस्त सैन्य रोमच्या वाटेवर अडकले होते. मठासमोर चौथी भारतीय डिव्हिजन उभी होती. तिचे सेनापती फ्रान्सिस टकर यांना या इमारतीची साधी माहितीही वरिष्ठांकडून मिळत नव्हती. नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांत शोधून त्यांनी १८७९ चे एक पुस्तक मिळवले आणि त्यात भिंतींची जाडी वाचली. अशा भिंतीवर पायदळ पाठवायचे तर आधी ती पाडा, असे त्यांनी कळवले. त्यांच्यापुढेही माणसांचाच हिशेब होता. ज्या उतारावर आपले जवान मरणार त्याच्या माथ्यावर हा मठ होता. न्यूझीलंडचे जनरल फ्रायबर्ग यांनी मागणी उचलून धरली, जनरल अलेक्झांडर यांनी संमती दिली.

१४ फेब्रुवारीला इशाऱ्याची पत्रके पडली. १५ तारखेच्या सकाळी विमाने आली आणि दिवसभरात हजार टनांहून अधिक स्फोटके डोंगरमाथ्यावर टाकली गेली. मठात जर्मन सैनिक नव्हते. मेले ते आश्रित गावकरी, बाया आणि मुले. दियामारे आणि त्यांचे सोबती तळाच्या जुन्या भागात प्रार्थना करत वाचले. १७ च्या पहाटे ते सुमारे चाळीस जणांना घेऊन ढिगाऱ्यातून बाहेर पडले. पुढे मोठा लाकडी क्रूस, ओठांवर जपमाळेच्या प्रार्थना, पायांखाली तोफगोळ्यांनी उकरलेली वाट. कार्लोमान्नो पेल्लागाल्ली नावाचे वृद्ध ब्रदर वाटेत मागे फिरले आणि पडक्या मठात परतले. काही आठवड्यांनी तिथेच त्यांचा अंत झाला.

खाली जर्मन जनरल फ्रिडोलिन फॉन सेंगर भेटले. ते स्वतः बेनेडिक्टाइन परंपरेशी जोडलेले कॅथलिक होते. बाँबहल्ल्यापूर्वी मठात जर्मन सैनिक नव्हते, असे दियामारे यांनी लिहून दिले, रेडिओवरही सांगितले. जर्मन प्रचारखात्याने त्याचा पुरेपूर वापर केला. यावरून त्यांना दोष देणारे तेव्हाही होते. मला तो दोष मान्य नाही. विधान खरे होते आणि ज्यांच्या मृत्यूचे ते साक्षीदार होते, त्यांच्यासाठी एवढे तरी बोलणे त्यांच्याकडे लागत होते.

मठ पाडून काही साधले नाही. बाँबहल्ल्याची आणि पायदळाची वेळ जुळली नाही, पुढच्या रात्रींतले हल्ले फसले आणि आधी बाहेर असलेले जर्मन छत्रीसैनिक आता ढिगाऱ्यात मोर्चे बांधून बसले. १८ मे रोजी पोलिश सैन्याने अवशेषांवर झेंडा लावला, तोवर चार लढाया झाल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याशी राष्ट्रकुल दफनभूमी आहे आणि ज्यांना ज्ञात कबर नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत इटलीत पुढे उत्तरेला, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला पडलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आहेत, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण मठाच्या पायथ्याशीही त्यांचे नाव आहे हे आपल्याकडे क्वचितच बोलले जाते.

दियामारे सप्टेंबर १९४५ मध्ये वारले, तेव्हा मठाच्या जागी ढिगारा होता. मागे काय ठेवले म्हणाल तर रोमला सुरक्षित असलेले ग्रंथ आणि विखुरलेला पण न तुटलेला संन्यासीसंघ. त्यांच्यानंतर निवडले गेलेले इल्देफोन्सो रेआ यांनी जिथे होता तिथे, जसा होता तसाच मठ बांधायचा असे ठरवले. पडझडीतला प्रत्येक वापरण्याजोगा तुकडा निवडण्यात वर्षे गेली. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप पॉल सहावे यांनी नव्या चर्चचा अभिषेक केला आणि त्याच वेळी संत बेनेडिक्ट यांना युरोपचे रक्षक संत घोषित केले. हुबेहूब पुन्हा बांधण्यावर कलासमीक्षकांचे आक्षेप आहेत, ते समजण्यासारखेही आहेत. पण रेआ वास्तुसंग्रहालय बांधत नव्हते. त्यांना आपल्या माणसांना त्यांच्या घरी परत आणायचे होते, कारण एकाच घरात मरेपर्यंत राहण्याचे व्रत त्यांनी घेतलेले असते. रेआ यांच्यानंतर १९७१ मध्ये मठाधिपती झाले ते मार्तिनो मात्रोनोला, बाँब पडताना दियामारे यांच्याजवळ असलेले सचिव.

२०१४ मध्ये रोमने मोंते कासिनोच्या मठाधिपतीकडून आसपासच्या गावांचा कारभार काढून शेजारच्या बिशपांकडे दिला. शतकानुशतकांचा मान गेला, म्हणून काहींना हळहळ वाटली. आता त्याच्याकडे उरले आहे एक घर, त्यातले मोजके संन्यासी आणि दारी येणारे पाहुणे. बेनेडिक्ट यांनी ते पद घडवले तेव्हा त्याच्याकडे एवढेच सोपवले होते.