परसबागेतील चिवट तणे : काय उपटावे, काय राखावे

कळमनुरी परिसरातील अनेक वैद्यांच्या घरामागे तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड यांची लहानशी औषधी बाग असते. मृग नक्षत्रानंतर महिनाभरातच तिच्यात लव्हाळा, हरळी, कुंदा व गाजरगवत माजते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सारी तणेच होत. वैद्याला मात्र इतक्यावर थांबता येत नाही, कारण यांतील काही वनस्पती आपल्या द्रव्यसंग्रहातील आहेत. त्यामुळे कोणती वनस्पती समूळ काढावयाची, कोणती राखावयाची आणि काढलेली कोणती औषधात घ्यावयाची, या तिन्ही प्रश्नांचा विचार करणे आवश्यक ठरते.

लव्हाळा अर्थात मुस्ता

लव्हाळ्याचे शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस. चरकाचार्यांनी संग्राहक, दीपन व पाचन द्रव्यांत मुस्तेस अग्रस्थान दिले आहे. षडंगपानीयातही ती आहे. तिच्या चिवटपणाचे कारण जमिनीखाली दडलेले असते. बारीक तारेसारख्या धाग्यांनी कंदांची एक माळच तयार होते. वरचा कंद जोमात असेतो खालचे बरेचसे सुप्त राहतात. आपण पाने ओढली की धागा तुटतो, माळ विखुरते आणि सुप्त कंद स्वतंत्रपणे फुटू लागतात. म्हणूनच पावसाळ्यात एकदाच केलेल्या खुरपणीने लव्हाळा कमी न होता वाढल्यासारखा दिसतो. आपल्याकडील काळी माती ओली असताना कंदास घट्ट धरून ठेवते, ही आणखी एक अडचण.

बहुतेक कंद वरच्या अर्ध्या फुटात असतात व कोरड्या उन्हात ते सुकून मरतात. तेव्हा चैत्र-वैशाखात रिकाम्या वाफ्यांचे पाणी तोडावे, माती खोल खणून ढेकळे फोडावीत व कंद उघड्यावर तापू द्यावेत. पंधरा दिवसांच्या अंतराने हे दोन-तीन वेळा करावे. पावसाळ्यात जे कोंब फुटतील ते नवे कंद धरण्यापूर्वी, दर पंधरवड्यास, काढीत राहावे. लव्हाळ्यास सावली सोसत नाही. त्यामुळे चवळीसारखे जमीन लवकर झाकणारे पीक उपयोगी पडते. प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र त्याचे टोकदार कोंब भेदून वर येतात.

औषधार्थ संग्रहाचा काळ निराळा आहे. कल्पस्थानात कंदाचे ग्रहण शरद ऋतूत सांगितले आहे. म्हणून आश्विन-कार्तिकात भरलेले, सुगंधी कंद औषधासाठी काढावेत आणि उरलेल्यांचा नायनाट ग्रीष्मात करावा.

हरळी व कुंदा

हरळी म्हणजेच दूर्वा. ती जमिनीवरून व जमिनीखालून, दोन्ही मार्गांनी पसरते आणि पेराचा लहानसा तुकडाही पुन्हा रुजतो. कुंद्याचेही मूळ असेच खोल व चिवट. दोहोंसाठी उन्हाळी खणणी हाच उपाय. मात्र तुकडे वेचून बागेबाहेर नेले पाहिजेत. ओले तुकडे खताच्या खड्ड्यात टाकल्यास ते खताबरोबर पुन्हा वाफ्यात येतात. काही जण मीठ टाकतात. पाण्याचा निचरा मंद असलेल्या काळ्या जमिनीत ते साचून राहते व औषधी रोपांचीच हानी होते.

पुनर्नवा ओळखताना

येथे चूक झाल्यास ती थेट रुग्णाच्या काढ्यात उतरते. पुनर्नवा आणि वसू या दोन्ही वनस्पती पावसाळ्यात जमिनीलगत पसरतात व बाजारात एकमेकींच्या जागी येतात. पुनर्नवा बहुवर्षायू असून तिचे मूळ जाड असते. लहान गुलाबी फुले देठावर झुपक्याने येतात व फळे चिकट असतात. वसू वर्षायू आहे; तिची पाने मांसल, तर फुले पानाच्या बगलेत एकेकटी व देठाविना असतात. बी काळे व मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. वाळलेल्या चुऱ्यात हा भेद दिसत नाही. म्हणून औषधनिर्मात्यांनी फुलाफळांसह अखंड वनस्पतीचा नमुना पाहूनच माल स्वीकारावा.

गाजरगवत

ही वनस्पती अमेरिका खंडातील. १९५५ साली पुण्यात तिची नोंद झाली आणि पुढे ती देशभर पसरली. तिच्यातील पार्थेनिनमुळे संपर्कजन्य त्वग्रोग होतो. चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर वारंवार उठणाऱ्या कंडूयुक्त विकारात रुग्णाच्या अंगणाची व शेताची चौकशी अवश्य करावी. कारण निदानपरिवर्जन झाल्याशिवाय चिकित्सेस यश येत नाही. हे गवत फुलण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मुळासकट उपटावे. एकेका झाडास हजारो बिया येतात, म्हणून फुललेले गवत खतात टाकू नये. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये भारतात आणला गेला. तो दिसल्यास मारू नये.

तणनाशकाचा प्रश्न

तणनाशकाने श्रम वाचतात हे खरे. तथापि ज्या वाफ्यातील मुस्ता, माका किंवा भुईआवळी आपण रुग्णास देणार, तेथे ते वापरणे योग्य नव्हे. अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत व काढा उकळल्याने ते जातील याची खात्री नसते. हाच नियम गटाराकाठच्या, रस्त्यालगतच्या व फवारलेल्या बांधावरील वनस्पतींनाही लागू आहे. स्वस्त मिळालेला माल कोणत्या जागेतून, कोणत्या महिन्यात काढला याची नोंद प्रत्येक औषधनिर्मात्याने ठेवावी. द्रव्य शुद्ध नसेल तर योग्य निदान व योग्य योजना करूनही वैद्याच्या पदरी अपयश येते आणि त्याची झळ रुग्णास सोसावी लागते.