कोळशातील खनिजांचा अवरक्त दाखला

कोळशाची प्रत ठरविताना राखेच्या टक्केवारीला मोठा मान दिला जातो. परंतु सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानात कोळसा जाळून उरलेली राख ही मूळ खनिजांची विश्वसनीय साक्षीदार नव्हे, कारण तोवर केओलिनाइट या मृत्तिकाखनिजातील संयुक्त जल उडून गेलेले असते, कॅल्साइटने कार्बन डाय-ऑक्साइड टाकलेला असतो आणि पायराइटमधील गंधक जळून लोहाचे ऑक्साइड तेवढे मागे राहिलेले असते.

ही हानी टाळण्याची तजवीज इलिनॉय राज्याच्या भूविज्ञान सर्वेक्षणातील हॅरल्ड ग्लुस्कोटर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत्क्षेत्राने उद्दीपित केलेला प्राणवायू कोळशातील सेंद्रिय भाग १५० अंशांच्या आसपासच हळूहळू नाहीसा करतो आणि बहुतेक खनिजे मूळ रूपात हाती येतात. त्या अवशेषातील जेमतेम एक मिलिग्रॅम चूर्ण अतिसूक्ष्म खलून, कित्येक पट अधिक पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून आणि पोलादी साच्यात दाबून १३ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक चकती करतात. खलण्यात हयगय झाली आणि क्वार्ट्झचे कण जाड राहिले, तर त्याचे शोषण कमी भरते व सारा हिशेब चुकतो.

या चकतीतून अवरक्त किरण गेले, की प्रत्येक खनिज आपापल्या अणुबंधांच्या कंपनांना अनुरूप असे किरण शोषून घेते. प्रतिसेंटिमीटर ३६९५ आणि ३६२० या तरंगसंख्यांजवळ केओलिनाइटचे हायड्रॉक्सिल गट प्रकट होतात, ७९८ व ७७९ ही जोडी क्वार्ट्झची, तर ८७५ व ७१२ या खुणा कॅल्साइटच्या. पायराइट मात्र या नेहमीच्या पट्ट्यात दिसत नाही. त्यासाठी दूर-अवरक्त प्रदेशात उतरावे लागते. अशा बहुघटकी मोजणीची पद्धत अमेरिकन ब्यूरो ऑफ माइन्सच्या मॉर्गनटाउन येथील संशोधकांनी १९६८ मध्ये मांडली. पुढे १९७८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात पेंटर, कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फूरिए-रूपांतर यंत्राला संगणकाची जोड देऊन, संमिश्र वर्णपटातून एकेका शुद्ध खनिजाचा वर्णपट वजा करीत प्रत्येकाचे प्रमाण काढले.

वर्धा खोऱ्यातील कोळशासारख्या, खनिजद्रव्य अंगोपांगी मुरलेल्या गोंडवनी कोळशाच्या बाबतीत या तपशिलाचे मोल विशेष आहे. क्वार्ट्झ चक्क्यांचे पोलाद झिजवते, पायराइटमधील लोह भट्टीतील मळी वितळण्यास हातभार लावते, केओलिनाइट मात्र तिला सहसा वितळू देत नाही. म्हणूनच राखेचे प्रमाण समान असलेले दोन कोळसे एकाच बाष्पित्रात सर्वस्वी भिन्न वर्तन करू शकतात, आणि त्या भिन्नतेचे कारण कोळसा भट्टीत पडण्यापूर्वी सांगू शकणे, हेच या पद्धतीचे खरे श्रेय होय.