घरातला वास झाकू नका, शोधा

मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा जवळ आली की म्हसवडला घरोघरी आवराआवर सुरू होते. लेकी-जावई, पाहुणेरावळे येणार म्हणून गोधड्या धुतल्या जातात, भिंतींना रंग लागतो आणि घर सुवासिक असावे म्हणून उदबत्त्यांचे पुडे, सुगंधी फवारे आणले जातात. या शेवटच्या खरेदीविषयी थोडे लिहावेसे वाटते.

अशाच दिवसांत एका घरी आजींचा ताप पाहायला गेलो होतो. खोलीत उदबत्तीचा इतका धूर की आधी मलाच खोकला आला. "म्हातारं माणूस आहे, डॉक्टरसाहेब, वास येतो, म्हणून लावतो," सून म्हणाली. पांघरूण बाजूला केले तर पायाच्या बोटांत चिघळलेली जखम. मधुमेह जुना, पायाला संवेदना नाही. त्यामुळे दुखले नाही, आणि दुखले नाही म्हणून कोणी पाहिले नाही. जखमेची वर्दी फक्त वासाने दिली होती आणि तीच आठवडाभर झाकली गेली. आजींचा पाय वाचला, दोन बोटे मात्र काढावी लागली.

मधुमेही माणसाचे पाय रोज पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसह. त्याच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येऊन उलट्या किंवा धाप सुरू झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपले नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांतच सरावते. घरच्यांना जे जाणवत नाही ते पाहुण्याला उंबऱ्यातच कळते. म्हणून तासभर बाहेर जाऊन या आणि मग घरात फिरून वास कुठून येतो ते पाहा. बऱ्याचदा दोषी असते ती न्हाणीघरातली मोरी. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी साचलेले असते, तेच गटाराचा वायू अडवते. आपल्याकडे पाणी जपून वापरायची सवय; वापरात नसलेल्या मोरीतले हे पाणी आटते आणि दुर्गंधी वर येते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. मोरी धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

कोंदट वासाला खिडक्या उघडणे आणि गादी-गोधड्यांना ऊन दाखवणे हाच उपाय. माणदेशात पावसाची टंचाई असेल, उन्हाची नाही! देवापुढे एखादी उदबत्ती जरूर लावावी, पण बंद खोलीत, दमेकऱ्याच्या किंवा तान्ह्या बाळाच्या उशाशी नको. डासांची कॉइल तर त्याहून वाईट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण हवेत सुटतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते.

आणि डांबर गोळ्या. ट्रंकेत त्यांच्यासोबत ठेवलेली दुपटी-झबली बाळाला तशीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. गोळीतल्या नॅप्थॅलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. असे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावेत. बाळाचे डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे, आणि गोळ्यांचे आठवणीने सांगावे.