मँझिकर्टची लढाई
मँझिकर्टची लढाई : बायझंटिन साम्राज्य व सेल्जुक तुर्क यांच्यातील इतिहासप्रसिद्ध लढाई (२६ ऑगस्ट १०७१). लढाईचे ठिकाण पूर्व तुर्कस्तानात व्हॅन सरोवराच्या उत्तरेस असून त्याचे विद्यमान नाव मलाझगिर्त आहे.

अकराव्या शतकाच्या मध्यापासून तुर्कांच्या टोळ्या आर्मेनियामार्गे साम्राज्यात शिरून लुटालूट करीत. सुलतान अल्प अर्स्लानने (कार. १०६३–७२) १०६४ मध्ये आनी हे आर्मेनियातील संपन्न नगर घेतले. बायझंटिन दरबाराने स्थानिक फौजांची हेळसांड केल्याने सरहद्दीच्या संरक्षणाची भिस्त मुख्यत्वे भाडोत्री सैनिकांवर होती. या आक्रमणांस पायबंद घालण्यासाठी सम्राट चौथा रोमेनस डायोजेनीझ (कार. १०६८–७१) मोठ्या फौजेनिशी पूर्वेकडे निघाला. ईजिप्तच्या फातिमींविरुद्ध सिरियात गेलेला सुलतान हे वृत्त कळताच त्वरेने परतला.

मँझिकर्टचा किल्ला सम्राटास सहज मिळाला. परंतु त्याने सैन्याचा मोठा भाग सरोवराकाठच्या अखलातकडे पाठविला होता, तो लढाईस परतलाच नाही. सुलतानाचा तहाचा प्रस्ताव फेटाळून सम्राटाने चढाई केली. तुर्की अश्वारूढ धनुर्धर बाणांचा वर्षाव करीत मागे हटत राहिले. सायंकाळी सम्राटाने माघारीची आज्ञा देताच फौजेत गोंधळ माजला. पिछाडीचा सेनापती अँड्रोनायकस ड्यूकस हा सम्राटाच्या विरोधी घराण्यातील होता. तो मदतीस न येता निघून गेला. वेढ्यात सापडलेला सम्राट जखमी होऊन कैद झाला.

सुलतानाने त्यास सन्मानाने वागविले आणि खंडणीच्या व प्रदेश देण्याच्या अटींवर थोड्याच दिवसांत मुक्त केले. बायझंटिन सैन्याचाही बराच भाग बचावला होता. तथापि राजधानीत ड्यूकस पक्षाने रोमेनसला पदच्युत करून सातव्या मायकेलकडे सत्ता दिली. यादवीत पराभूत झालेल्या रोमेनसचे १०७२ मध्ये डोळे फोडण्यात आले व त्या जखमांनी तो मरण पावला. साहजिकच तह निष्फळ ठरला. पुढील दशकात गादीसाठी झगडणाऱ्या सेनापतींनी तुर्कांनाच मदतीस बोलावून शहरे त्यांच्या हाती दिली. कॉन्स्टँटिनोपलनजीकचे नायसीआही सेल्जुकांची राजधानी बनले. सम्राट पहिल्या अलेक्सियसने १०९५ मध्ये पोपकडे केलेल्या मदतीच्या याचनेतून पहिल्या धर्मयुद्धास चालना मिळाली. ॲनातोलिया गमावण्यास रणांगणावरील हानीपेक्षा नंतरची यादवीच अधिक कारणीभूत झाली, असे आधुनिक इतिहासकार मानतात.