आवाजी मतदान आणि आमदाराचे मत
(लेखमाला : विधिमंडळाचे कामकाज – लेखांक सहावा)

विधेयकाची वाचने आणि खंडशः विचार यांची माहिती मागील लेखांकात आली. आता प्रश्न उरतो तो प्रत्यक्ष मतदानाचा. संविधानाच्या अनुच्छेद १८९ नुसार सभागृहाचे निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतात, आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एक-दशांश सदस्य पुरेसे असल्यामुळे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत २९ जण हजर असताना त्यांतील १५ जणांच्या होकारानेही विधेयक संमत होऊ शकते. व्यवहारात एवढी मोजणीही बहुधा होत नाही. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ आणि प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, आणि आवाजाच्या अंदाजावर निकाल जाहीर होतो. यालाच आवाजी मतदान म्हणतात. हा अंदाज मान्य नसलेल्या सदस्याने मतविभागणी मागितली आणि ती मंजूर झाली, तरच दोन्ही बाजूंची मते मोजली जातात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर होताच मोठा गदारोळ उठला. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर मात्र १६४ विरुद्ध ९९ अशी रीतसर मोजणी झाली. सरकार राहते की जाते यासाठी जो आग्रह धरला जातो, तो कर लागतो की नाही यासाठी क्वचितच दिसतो.

याचे कारण केवळ अनास्था नव्हे. निव्वळ कर, कर्ज किंवा राज्याचा संचित निधी यांच्याशी संबंधित असलेले विधेयक धनविधेयक ठरते. ते विधानसभेतच मांडावे लागते, विधानपरिषद ते फार तर १४ दिवस अडवू शकते, आणि विधानसभेत ते पडले तर सरकारने बहुमत गमावले असे मानण्याचा संसदीय संकेत आहे. म्हणून अशा वेळी पक्षादेश निघतो, आणि १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनुसार तो मोडणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याला पक्षाने १५ दिवसांत क्षमा केली नाही, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. करवाढ मतदारसंघाला जाचक आहे असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, तो आमदार भाषणात तसे बोलतो आणि मत मात्र पक्षाबरोबर देतो. शिवाय वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यापासून त्या कराचे दर प्रथम वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत ठरतात, त्यामुळे सभागृहाच्या हाती उरलेला वाव आणखी आक्रसला आहे.

कल्याणकारी विधेयकांचे चित्र निराळे असते, कारण त्यांना विरोध करणे राजकीयदृष्ट्या कोणालाच परवडत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदा एकमताने संमत झाला. परंतु या योजनेचा पैसा ज्या व्यवसाय करातून मोठ्या प्रमाणावर उभा राहिला, त्याचा कायदा १९७५ मध्येच झालेला होता. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी रक्कम दुष्काळी गावातील मजुरीकडे वळवणारी ही तजवीज होती. हमी देणारे मत आणि कर लावणारे मत अशी दोन वेगवेगळी पडली, तरी दुसऱ्यावाचून पहिले पोकळ ठरले असते. निधीच्या तरतुदीवर पुरेशी चर्चा न होता एकमताने पुढे सरकणाऱ्या योजना पाहिल्या, म्हणजे या जोडणीचे मोल ध्यानात येते.

शिक्षणाच्या विधेयकांवर खरी फूट पडते ती पैशापेक्षा अधिकारावरून. कुलगुरूंच्या नियुक्तीत राज्य शासनाला निर्णायक स्थान देणारे विद्यापीठ दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विरोधकांच्या तीव्र हरकतींना न जुमानता संमत झाले, मात्र पुढे सत्तांतर झाल्यावर ते मागे घेण्यात आले. ७८ सदस्यांच्या विधानपरिषदेत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून प्रत्येकी ७ सदस्य येतात, आणि शिक्षणविषयक तरतुदींची बारकाईने चिकित्सा करण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनच केली जाते. परंतु परिषदेने साधे विधेयक नामंजूर केले किंवा तीन महिने रोखले, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवते आणि त्यानंतर परिषदेला केवळ एक महिना मिळतो.