परभणीत राजदूत 350

जपानी बनावटीची वेगवान स्पोर्ट्स कार जुनी म्हणून स्वस्तात पदरात पाडून घ्यावी, अशी अभिलाषा परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथे बसून ज्या कोणास धरावयाची असेल, त्याच्या वाटेत पहिल्याप्रथम आडवा येतो तो सरकारचा आयातीचा शिरस्ता. कारण तीन वर्षांहून अधिक वयाची वापरलेली मोटार या देशात आणण्यास मनाई आहे, आणि जी आणावयाची ती मुंबई बंदरातच उतरवून तिच्या किमतीहून अधिक जकात भरावयाची आहे. निस्सानची जीटी-आर ही गाडी डिसेंबर 2016 मध्ये राजरोस येथे आली, ती 1 कोटी 99 लाख रुपयांना. म्हणजे ज्या पैशात परभणी तालुक्यातला एखादा मोठा बागायतदार आणखी जमीन घेईल, त्या पैशात. तेव्हा चारचाकीचा विषय येथेच मिटतो. परंतु जपानी शर्यतीच्या यंत्रांच्या थेट वंशातले एक वाहन मात्र मराठवाड्याच्या रस्त्यांवर खरोखरीच धावलेले आहे, ते आजही विकत मिळते, आणि ते घ्यावे की न घ्यावे या विवंचनेत बऱ्यापैकी शहाणी माणसेही झोप घालवून बसलेली आढळतात. ते वाहन म्हणजे राजदूत 350.

मुळात हे यंत्र यामाहाचे. 1973 साली त्या कंपनीने आरडी 350 या नावाने जी मोटारसायकल बाजारात आणली, तिचे 347 घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन 39 अश्वशक्ती निर्माण करीत असे. आणि ज्या काळात आपल्याकडचे बुलेट 350 हे भारदस्त वाहन अठरा अश्वशक्तीवर समाधानाने चालत होते, त्या काळात हा आकडा केवळ अचंब्याचा होता. जपानने 1976 मध्ये आरडी 400 काढून हे प्रकरण मागे टाकले. आपण मात्र ते 1983 मध्ये हाती घेतले. पोलंडच्या एसएचएल गाडीच्या परवान्यावर 1962 पासून राजदूत 175 बनविणाऱ्या फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाशी करार करून ही गाडी राजदूत 350 या नावाने काढली. येथे येताना तिची शक्ती 30.5 अश्वशक्तीपर्यंत उतरविण्यात आली, पुढची डिस्क जाऊन ड्रम ब्रेक आला, आणि पुढे पेट्रोल पिण्याच्या तक्रारी वाढल्यामुळे सायलेन्सरची वाट आवळून 27 अश्वशक्तीचा दुसरा अवतार काढण्यात आला. पहिलीला बाजारात एचटी आणि दुसरीला एलटी म्हणतात, आणि विकणाऱ्याच्या तोंडी प्रत्येक गाडी एचटीच असते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

या इंजिनाची खरी करामत त्याच्या श्वासोच्छ्वासात आहे. चार-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेण्यास व धूर बाहेर टाकण्यास झडपा असतात व त्या उघडण्या-मिटण्यास कॅमची यंत्रणा लागते. येथे ते सर्व लटांबळ नाही. सिलिंडरच्या भिंतीत कोरलेल्या छिद्रांपुढून पिस्टन वरखाली होताना तीच छिद्रे उघडतात व मिटतात, आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी पोलादाच्या पातळ जिभा बसविलेल्या असतात, ज्या पेटीतल्या सुरांप्रमाणे ओढ लागली की उचलल्या जातात व उलटा दाब आला की आपसूक मिटतात. या जिभांना रीड म्हणतात. त्यांच्यामुळे आत गेलेले मिश्रण माघारी फिरत नाही, आणि सिलिंडरमागे सात छिद्रांची योजना शक्य होते. शक्तीचा ठोका प्रत्येक फेरीस मिळतो, आणि इंजिनाच्या फेऱ्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की गाडी अशी उसळते की प्रथमच बसणाऱ्याच्या हातून हँडल निसटावे. सहा गिअर, आणि ते सर्व वापरावयास रस्ता सापडला तर ताशी दीडशेच्या घरात जाणारा वेग. पुढच्या ड्रम ब्रेकचा या वेगाशी कोणताही सलोखा नाही, आणि या गाडीच्या नावावर जे अपघात जमा आहेत त्यांतले पुष्कळसे त्या ब्रेकच्या खाती टाकावे लागतील.

ती चालली नाही. अठरा हजारांच्या आसपासची किंमत, लिटरमागे कशीबशी वीस-पंचवीस किलोमीटरची धाव, आणि सुटे भाग मिळण्याची मारामार. त्यातच 1984 ते 1986 या अवधीत इंड-सुझुकी, हिरो होंडा, आरएक्स 100 आणि कावासाकी बजाज या शंभर सीसीच्या जपानी गाड्या एकामागून एक दाखल झाल्या, आणि मध्यमवर्गाने आपली निवड क्षणात करून टाकली. त्या दशकाच्या अखेरीस राजदूत 350 चे उत्पादन थांबले. नवी असताना जिला गिऱ्हाईक मिळेना तिचा चांगला नमुना आज लाखांच्या भाषेत बोलतो, हा व्यवहाराचा विनोद आहे. पण तो बाजारभाव पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी चढविलेला आहे, आणि परभणीच्या ग्राहकाने तो प्रमाण मानण्याचे कारण नाही.

येथे स्थानिक परिस्थितीचा विचार प्राप्त होतो. काळ्या कापसाच्या जमिनीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच्या पाठीवर लाटा उठतात. जिंतूर किंवा गंगाखेडच्या दिशेने जाणाऱ्यास हे नव्याने सांगावे लागत नाही. अशा रस्त्यावर चौथ्या गिअरच्या पुढे जाण्याचा प्रसंग थोडा. वैशाख वणव्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनास ती हवाच साह्य करीत नाही, व पिस्टन धरण्याचे, म्हणजे मिस्त्री ज्यास सीज होणे म्हणतात त्याचे, भय वाढते. त्यात अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले आहे. गोदाकाठच्या ऊसवाल्यास ही वार्ता सुखाची असली तरी या इंजिनास नाही. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो, जुने रबरी भाग फुगतात किंवा चिरतात, आणि टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी केली तर हवेतली ओल ओढून तळाशी पाणी साचते. कार्बोरेटरचा मुख्य जेट एक माप मोठा घालणे हा यावर जाणत्यांचा उपाय आहे, व तो योग्य आहे.

आता प्रत्यक्ष पारख. गाडी पाहावयास जाणाऱ्याने मालकास आधीच बजावावे की आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, आणि पोहोचल्यावर प्रथम दोन्ही सिलिंडरांच्या पात्यांना हात लावून पाहावा. ती कोमट लागली तर समजावे की गाडीस सकाळपासून किक मारून तयार ठेविले आहे. किक पायाने दाबताना दोन्ही सिलिंडरांचा सारखा प्रतिकार जाणवला पाहिजे. सुरू होताच निळसर धूर येईल, त्याचे भय नाही, टू-स्ट्रोकचा तो धर्म आहे. परंतु इंजिन तापल्यावरही उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे ऑईल सील गेले असून गिअरबॉक्समधील तेल इंजिनात शोषले जात आहे, असे निदान करावे. डाव्या बाजूचे सील गेले तर धूर येत नाही, म्हणून ते अधिक घातक. तेथून बाहेरची हवा आत शिरते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढेच राहते, आणि विकणारा त्यास ‘मालक, गाडी गरम झाली बघा, मोकळी पळू लागली’ असे कौतुकाने म्हणतो. ती मोकळी पळत नसून पिस्टन धरण्याच्या मार्गावर असते.

यानंतर क्रँक. या गाडीचा क्रँक अनेक तुकडे दाबाने एकत्र बसवून केलेला असतो, आणि तो उलगडून बेअरिंग बदलून पुन्हा सरळ बसविणे हे प्रत्येक मिस्त्रीच्या आवाक्यातले काम नव्हे. ज्यास ते येते त्यास काट्यावर एका मिलिमीटरच्या शतांशांत तपासणी करावी लागते. बोअरची चौकशी निःसंकोच करावी. मूळ 64 मिलिमीटरच्या सिलिंडरास पाव-पाव मिलिमीटरने वाढत जाणारे पिस्टन मिळतात, एक मिलिमीटरपर्यंत. तेथे पोहोचलेली गाडी आयुष्याच्या सायंकाळी आहे. आणि ऑटोल्यूबचा पंप चालू आहे की काढून टाकला आहे, हे अवश्य पाहावे. हा पंप निराळ्या टाकीतले टू-टी तेल ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात दोन्ही सिलिंडरांस पोहोचवितो. कित्येकांनी तो बंद करून लिटरला 40 मिलीच्या हिशेबाने तेल पेट्रोलमध्येच मिसळण्याचा मार्ग धरला आहे. मला हा मार्ग आळशी वाटतो, पण मोडक्या पंपापेक्षा तो सुरक्षित आहे, हे कबूल केले पाहिजे.

यंत्राचे दोष पैशाने मिटतात; दस्तऐवजांचे मिटतीलच असे नाही, आणि परभणीत अशा व्यवहारांचे घोडे बहुधा येथेच अडते. 1989 पूर्वीची गाडी तीन अक्षरी जुन्या क्रमांकाची असते. परभणीचा एमएच-22 हा क्रमांक नंतरचा आहे; आणि हिंगोली 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा झाल्यामुळे, त्याआधी तिकडे नोंदलेल्या गाडीचे मूळ दफ्तरही परभणीसच असण्याचा संभव असतो. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, फी, आणि महाराष्ट्रात दुचाकीस पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 300 वरून 1000 रुपये झाली, तेव्हापासून पुष्कळ जुन्या गाड्या कागदोपत्री बेवारस पडल्या आहेत. अशा गाडीची नोंद संगणकावर चढलेलीच नसते, मूळ मालक हयात नसतो, वारसांत एकमत नसते, आणि हाती काय, तर पाच-सहा वेळा हस्तांतरित झालेले एक जीर्ण आरसी बुक व त्याबरोबर कोऱ्या फॉर्मांवरच्या सह्या. कोऱ्या फॉर्मावर व्यवहार करू नये. चेसिस व इंजिन क्रमांकांची पेन्सिलीने छाप घेऊन ती बुकातल्या नोंदीशी ताडून पाहावी; इंजिन क्रमांकाभोवती कानस मारल्याची खूण दिसल्यास गाडी कितीही देखणी असो, इसार न देता माघारी यावे. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरविल्याखेरीज नाव चढत नाही, मग ते कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेले का असेना.

माझे मत विचाराल तर परभणीच्या माणसाने 27 अश्वशक्तीची एलटी घ्यावी. तिला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, परंतु तिचे इंजिन कमी राबलेले असण्याचा संभव अधिक, मागणी कमी म्हणून किंमत नरम, आणि इथल्या रस्त्यावर साडेतीन अश्वशक्तीचा तो फरक कोणासही भासत नाही. मात्र तासाभराच्या अंतरावर टू-स्ट्रोकची नाडी जाणणारा मिस्त्री नसेल तर एलटीही घेऊ नये. त्यापेक्षा आरएक्स 100 घ्यावी, जिचा पिस्टन तालुक्याच्या गावीही मिळतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हा बाणा येथील लोकांच्या अंगी मुरलेला आहे खरा, पण तो व्यवहार बिघडल्यानंतर कामाचा आहे, आधी नव्हे.

गाडी हैदराबादेस सापडली, आणि अशा गाड्या तिकडे सापडतात, तर तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, आणि खरेदीनंतर तीस दिवसांच्या आत नाव चढविण्याची दरखास्त द्यावी लागते. आणण्यास रेल्वेचे पार्सल सोयीचे. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावर परभणी जंक्शन आहेच. टाकी पूर्ण रिकामी केल्याखेरीज पार्सलबाबू गाडी स्वीकारीत नाही. उतरवून घेतल्यावर स्टेशनबाहेर घाईने पेट्रोल भरून किक मारण्याचा मोह होतो. पण प्रवासात कलंडलेल्या गाडीच्या तेलाच्या नळीत हवा अडकलेली असू शकते, व ती पंपाच्या स्क्रूवाटे काढून टाकण्यापूर्वी इंजिन सुरू केले तर पहिल्या दहा किलोमीटरांतच एक पिस्टन धरतो. तेव्हा स्टेशनपासून मिस्त्रीच्या दुकानापर्यंत ती टेम्पोतून न्यावी.